विहिरीतली मोटार वर काढायचीय? कप्पी अशी लावा

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आपल्याकडं विहिरीतली मोटार वरखाली करायचं काम निघतंच, आणि तासगाव घ्या की कोरेगाव, पद्धत एकच, सात-आठ जण गोळा करायचे आणि काठावर पाय रोवून दोर ओढायचा. ओल्या काठावरून पाय घसरला तर माणूस सरळ आत जातो. एवढी माणसं काठावर उभी करायची गरजच नाही, कप्प्या नीट लावल्या तर दोघा-तिघांत काम होतं.

पहिली गोष्ट, वर एकच कप्पी टांगून दोर ओढला तर वजन एक किलोनंही कमी होत नाही. मोटार 60 किलोची धरा, जोर 60 चाच लागणार, घर्षणामुळं थोडा जास्तच. फायदा एवढाच की वर ओढायच्या ऐवजी खाली नाहीतर आडवं ओढता येतं. पण हा फायदापण लहान नाही बरं का, साताऱ्याजवळ लिंबला अठराव्या शतकातली बारामोटेची विहीर आहे ती बघून या. मोटेचं चाक असंच एका जागी बसवलेलं असायचं, बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, त्यांचं स्वतःचं वजन कामाला यायचं आणि भरलेली मोट वर यायची. चाक फक्त ओढायची दिशा बदलत होतं.

जोर वाचतो तो ओझ्याबरोबर हलणाऱ्या कप्पीनं. दोराचं एक टोक वर घोड्याला बांधा (तीन पायांचा लोखंडी घोडा, पाय खाली साखळीनं एकमेकांना बांधलेले), दोर खाली आणून हुकाच्या कप्पीतून घ्या, परत वर नेऊन वरच्या कप्पीवरून खाली हातात. आता ओझं दोन दोरांवर आलं, म्हणजे 30 किलोचा जोर, घर्षण धरून 35 च्या आसपास. वर-खाली दोन-दोन चाकांच्या कप्प्या लावल्या तर चार दोर, हिशोबानं 15 किलो, प्रत्यक्षात वीसेक धरा. मोजताना हलणाऱ्या कप्पीला धरून ठेवणारे दोरच मोजायचे, वरच्या कप्पीवरून हातात येणारा मोजायचा नाही, इथं बरेच जण चुकतात. बदल्यात दोर जास्त ओढावा लागतो, मोटार एक फूट वर यायला चार दोरांत चार फूट.

मग 60 फूट विहिरीला 240 फूट दोर आणायचा का? नाही. मोटार ज्या दोराला टांगलीय त्यालाच वर काठाशी पातळ पण मजबूत दोराच्या बंद कडीचे तीन-चार वेढे घाला, त्यात हुक अडकवा. ताण आला की वेढे आवळतात, ढिला सोडला की सरकतात. घोड्याच्या उंचीएवढं उचला, टांगता दोर जवळच्या झाडाला दोन-तीन वेढे देऊन बांधा, हुक खाली घ्या, नवीन जागी धरा, परत उचला. दोर ओला-शेवाळलेला असेल तर वेढे वाढवा आणि आधी वीतभर उचलून बघा, घसरतंय का.

घोड्यावर ओझं अधिक तुमचा ओढायचा जोर असं दोन्ही मिळून येतं. एका कप्पीनं खाली ओढलं तर 60 अधिक 60, चार दोरांत 60 अधिक 15, त्यामुळं जास्त दोरांत घोडापण सुरक्षित राहतो.

दोर घेताना त्याच्या तुटायच्या ताकदीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं लावू नका, कारण गाठ मारली की ताकद बरीच घटते, कधीकधी निम्म्यावर येते. उन्हात वर्षभर पडलेला पिवळा दोर तर नकोच. चाकपण बारकं नको, 12 मिमी दोराला साधारण चार इंची तरी हवं.

आणि पाइपातलं पाणी विसरू नका! तीन इंची पाइपात 20 फुटाला 27-28 किलो पाणी असतं, वॉल्व्हनं ते अडवून धरलं असेल तर चाळीसेक फूट पाइपात जवळजवळ मोटारीएवढंच दुसरं ओझं तुम्ही उचलताय. सोडता येत असेल तर आधी सोडा. त्याच्याही आधी मेन बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा, आणि केबलला धरून मोटार कधीच ओढू नका.

मोटारीला लोखंडी पाइपाची कॉलम (एकाला एक जोडलेले उभे पाइप) असेल तर हे जमवत बसू नका, साखळीनं ओढायची चेन पुली आणा. ती ओझं आहे तिथं धरून ठेवते, दोराच्या कप्पीत हात सुटला की मोटार खाली, म्हणून शेवटचा माणूस कायम झाडाला वेढा देऊन दोर धरून हवा. मोटार काठाच्या वर आली की हातानं आत खेचायची घाई करू नका, विहिरीवर जाड फळ्या आडव्या टाका, मोटार त्यांच्यावर टेकवा, मगच दोर ढिला करा.