फुल आर्च (पूर्ण जबड्याचा) स्कॅन स्क्रीनवर जुळतो, तोंडात बसत नाही? या चुका टाळा

रावेरकडचे एक केळीवाले काका. खालचा जबडा, सहा इम्प्लांट (हाडात बसवलेली दातांची कृत्रिम मुळं). स्कॅन स्क्रीनवर देखणा दिसत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. ट्राय-इनला, म्हणजे तोंडात बसवून बघताना, उजव्या टोकाचा एकच स्क्रू आवळला आणि डावीकडे बार (सगळ्या इम्प्लांटना जोडणारी पट्टी) उचलला गेला, प्रोबचं (तपासायच्या सळईचं) टोक सहज आत शिरलं. सगळे स्क्रू आवळले असते तर ती फट दिसलीच नसती. पण जबरदस्तीने बसवल्याचा ताण पुढे रोज स्क्रूवर आणि हाडावर आला असता. काकांना कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खायची होती. बार लॅबला परत पाठवला.

चूक माझी होती. कंपनीच्या माहितीपत्रकातला अचूकतेचा आकडा बहुतेकदा एक-दोन दातांच्या कामाचा असतो, तो मी पूर्ण जबड्याला लावला. इंट्राओरल (तोंडात फिरवायचा) स्कॅनर एका वेळी छोटा तुकडा टिपतो आणि तुकडे एकमेकांना जोडत जातो. बिनदाताच्या गुळगुळीत, हलत्या हिरडीवर त्याला खुणा सापडत नाहीत. प्रत्येक जोडातली चूक पुढच्यात मिसळते आणि सगळ्यांत जास्त फरक शेवटच्या इम्प्लांटवर निघतो. चालण्याजोगी फट साधारण 150 मायक्रॉनपर्यंत धरतात, म्हणजे दोन केसांची जाडी.

फोटोग्रामेट्रीत (फोटोंवरून जागा मोजण्याच्या पद्धतीत) हा जोडकामाचा प्रश्न जवळजवळ नसतो. कॅमेरा तोंडाबाहेरून इम्प्लांटवर लावलेल्या सगळ्या खुणांची जागा एकमेकींच्या संदर्भात पकडतो. मात्र हिरडी त्यात येत नाही. तिचा स्कॅन वेगळा घ्यावा लागतो, आणि दोन फायली जोडताना घाई केली तर चूक पुन्हा शिरते.

दोन पद्धतींची तुलना करताना बरेच जण दोन्ही स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये ‘बेस्ट फिट’ने एकमेकांवर बसवतात. सॉफ्टवेअर फरक सगळीकडे वाटून टाकतं आणि टोकाची चूक झाकली जाते. पहिल्या इम्प्लांटवर जुळवा आणि शेवटचा किती सरकला ते बघा. एकच स्कॅनर पाच वेळा तेच उत्तर देतो म्हणून ते उत्तर बरोबर ठरत नाही. त्यासाठी जबड्याच्या मॉडेलचा लॅब स्कॅनरवरचा संदर्भ लागतो.

स्कॅनबॉडी (स्कॅनसाठी इम्प्लांटवर लावायची खूण) कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवरच, म्हणजे तेवढ्याच जोराने, बसवा, जास्त आवळू नका. ती पूर्ण बसली का, ते एक्स-रेवर पाहा. पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकच्या स्कॅनबॉडी वारंवार ऑटोक्लेव्ह झाल्या (वाफेने निर्जंतुक केल्या) की झिजतात, त्या वेळीच बदला. लाळ सुकवा आणि खुर्चीचा दिवा बाजूला करा.

आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात गाडीतून आणलेला स्कॅनर लगेच सुरू करू नका. एसीच्या खोलीत तो थंड होऊ द्या, मग कॅलिब्रेट करा.

शंका असेल तर प्लास्टरचा जिग (इम्प्लांटच्या जागा तपासायचा साचा) करा. स्वस्त आहे, आणि मला तो अजूनही सगळ्यांत खात्रीचा वाटतो. प्लास्टर वाकत नाही, चूक असेल तर सरळ तडकतं. काकांचा तडकला नाही. नव्या बारला एक स्क्रू आवळला, दुसऱ्या टोकाला प्रोब फिरवला. तो कुठेच अडकला नाही.