रक्तातील साखरेसाठी आहाराची नोंदवही कशी ठेवावी

एचबीएवनसी ही तपासणी मागील दोन ते तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते, परंतु ती सरासरी नेमक्या कोणत्या जेवणामुळे वाढली, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ते शोधण्यासाठी खाल्लेला पदार्थ आणि त्यानंतरचा ग्लुकोमीटरवरील (बोट टोचून घरी साखर मोजण्याच्या यंत्रावरील) आकडा एकाच ओळीत लिहिलेला असावा लागतो. नुसत्या पदार्थांची किंवा नुसत्या आकड्यांची यादी फारशी उपयोगाची नसते.

कागदाची वही घ्यावी की मोबाइलमधील अ‍ॅप, हा प्रश्न गौण आहे. जेवताना जे हाताशी असते ते उत्तम. मात्र दिवसभराचे खाणे रात्री आठवून लिहू नये. तोपर्यंत मुख्य जेवण लक्षात राहते, पण चहाबरोबरची बिस्किटे, स्वयंपाक करता करता तोंडात टाकलेला घास आणि गोड पेयाचा अर्धा पेला हमखास विसरला जातो, आणि न उलगडणाऱ्या आकड्याचे कारण पुष्कळदा तिथेच असते.

नोंदीत वेळ, पदार्थ आणि प्रमाण या तिन्ही गोष्टी हव्यात. ‘थोडा भात’ या नोंदीचा आठवड्याने काहीच अर्थ लागत नाही; ‘शिजवलेला भात, दीड वाटी’ असे लिहिले तर तुलना करता येते, फक्त वाटी दर वेळी तीच असावी. पाकीटबंद पदार्थ असेल तर वेष्टनावरील आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, हे आधी पाहावे. तेथे केवळ साखर न पाहता एकूण कर्बोदके पाहावीत, कारण ‘साखरविरहित’ बिस्किटांतील पिठाचीही शेवटी ग्लुकोजच होते.

आता आकड्यांविषयी. जेवणापूर्वी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा, अशी जोडीने तपासणी करावी. नंतरचा आकडा एकटाच असेल तर साखर या जेवणाने वाढली की आधीपासूनच वाढलेली होती, हे ठरवता येत नाही. दररोज प्रत्येक जेवणाआधी व नंतर बोट टोचण्याची गरज बहुतेकांना नसते. तीन-चार दिवस फक्त न्याहारी, पुढचे काही दिवस फक्त रात्रीचे जेवण, अशी पाळी लावली तर यंत्रात घालायच्या तपासणीच्या पट्ट्याही वाचतात आणि चित्रही स्पष्ट होते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळा चुकवू नयेत. तपासणीपूर्वी हात धुऊन कोरडे करावेत, कारण नुकतेच फळ सोललेल्या बोटावरील रस आकडा खोटा वाढवतो. शिवाय यंत्राच्या अचूकतेलाही मर्यादा असते, तेव्हा पाच-सात अंकांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नयेत.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार, गर्भवती स्त्रिया वगळता बहुतेक मधुमेही प्रौढांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांनी १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, असे सर्वसाधारण लक्ष्य आहे. वय, इतर आजार आणि साखर एकाएकी उतरण्याचा धोका यांनुसार ते बदलते, म्हणून आपले लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घेऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

शेरा लिहिण्यासाठी एक रकाना मोकळा ठेवावा. औषध उशिरा घेतले, झोप झाली नाही, ताप होता, स्टेरॉइड सुरू आहे, जेवणानंतर वीस मिनिटे चाललो, असे दोन शब्द पुरेत. कारण साखर केवळ अन्नाने बदलत नाही. पहाटे वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे काहींचा उपाशीपोटीचा आकडाही चढा येतो आणि त्याचा दोष विनाकारण रात्रीच्या जेवणाला दिला जातो. तेलकट जेवणाने साखर उशिरा चढते, त्यामुळे दोन तासांचा आकडा चांगला दिसूनही पुढे ती वाढलेली असू शकते.

आठवड्यानंतर वही वाचताना एखाद्या वाईट आकड्यावर अडकू नये. पुन्हा पुन्हा काय घडते ते पाहावे. समजा, दीड वाटी भाताच्या जेवणाआधी ११२ आणि नंतर १९६ असा आकडा तीनदा जवळपास तसाच आला, तर पुढच्या वेळी भात पाऊण वाटी करून भाजी वाढवावी आणि बाकी काहीही बदलू नये. भात कमी केला, फिरायलाही गेलो आणि जेवणाची वेळही बदलली, तर गुण कशाचा आला हे कळणार नाही. हा नियम कंटाळवाणा आहे, पण वहीचा खरा उपयोग त्यातच आहे.

आकडा ७० च्या खाली गेला तर लिहीत बसू नये. शुद्धीवर असलेल्या आणि गिळता येणाऱ्या व्यक्तीने आधी सुमारे १५ ग्रॅम लवकर पचणारी साखर घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग नोंद करावी. वहीतील आकडे पाहून औषधाची किंवा इन्सुलिनची मात्रा मनाने बदलू नये. डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञाकडे जाताना लक्ष्याबाहेर गेलेल्या जोड्यांना खूण करून, सलग आठवडाभराची पाने न्यावीत, आणि त्यातील नकोशा वाटणाऱ्या नोंदी खोडू नयेत.