रोडबाइकला रुंद टायर टाकताना या चुका टाळा

२३ मिमी रुंदीचे टायर काढून २८ किंवा ३२ चे टाकले की सायकल मऊ चालेल, तळहात बधिर व्हायचे थांबतील, पंक्चरं कमी होतील ही अपेक्षा अगदी रास्त आहे. पण बरेच जण टायर बदलतात आणि आठवड्याभरात म्हणतात की काही फरकच पडला नाही, उगाच खर्च झाला. बहुतेक वेळा कारण एकच असतं, टायर नवा पण हवा जुन्याच सवयीने मारलेली. रुंद टायरचा आराम जाड रबरात नसतो, कमी प्रेशरमध्ये असतो, आणि रुंदी वाढवायची ती त्या कमी प्रेशरवर रिम न आपटता चालवता यावं म्हणून. हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

जुन्याच प्रेशरवर चालवणं

२३ च्या टायरला १००-११० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) मारायची अनेकांची सवय असते. तेवढीच हवा ३२ मध्ये भरली तर सायकल आधीपेक्षाही कडक लागते, आणि हा भास नाही, कारण प्रेशर तेच ठेवून रुंदी वाढवली की टायरच्या कापडावरचा ताण वाढतो. रिमच्या कडांवरही जास्त जोर येतो. म्हणजे पैसे आरामासाठी मोजले आणि मिळाला दगड, शिवाय रिमला त्रास वेगळाच.

अंदाजासाठी आकडे देतो. चालवणारा ७५ किलोच्या आसपास, आत ट्यूब, रस्ता बरा पण मधे मधे खडबडीत असं धरलं तर २५ ला ८५-९०, २८ ला ७०-८० आणि ३२ ला ५५-६५ पीएसआय ही सुरुवात ठीक आहे. वजन जास्त असेल तर थोडं वाढवा, कमी असेल तर बिनधास्त उतरवा. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा पाच-सात पीएसआय कमी ठेवा, कारण बसल्यावर वजन मागच्या चाकावर जास्त येतं. दोन्हीकडे सारखीच हवा मारली की पुढचं चाक नको तेवढं टणक होतं आणि त्याचा मार थेट मनगटांना बसतो. मग नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा आणि तीन-तीन पीएसआय कमी करत जा. खड्ड्याच्या कडेवर रिम टण्णकन लागल्याचं जाणवलं किंवा वळणावर मागचं चाक लुळं वाटलं की तिथून पाच वाढवा, तुमचं प्रेशर सापडलं.

टायरच्या कडेवर "मॅक्स" म्हणून जो आकडा छापलेला असतो तो भरायचा आकडा नाही, ओलांडायचा नाही तो आकडा आहे. रिमवर वेगळी मर्यादा दिलेली असेल तर दोन्हीपैकी जी कमी ती पाळायची.

"पण कमी हवेत स्पीड जातो ना?" हा प्रश्न येतोच. एकदम गुळगुळीत पृष्ठभागावर जास्त प्रेशरचा थोडा फायदा दिसतो, खऱ्या रस्त्यावर गोष्ट वेगळी असते. टणक टायर प्रत्येक खडीवरून उडतो, सायकल आणि तुमचं अंग वरखाली हलतं आणि पायांनी लावलेली ताकद त्या हलण्यात वाया जाते. कडक टायरवर जे फास्ट वाटतं ती नुसती थरथर असते. शिवाय एकाच प्रेशरला रुंद टायर जमिनीवर आखूड आणि पसरट टेकतो, त्यामुळे तो कमी दबतो आणि कमी ऊर्जा खातो. प्रोफेशनल रेसर वर्षानुवर्षं २३ वर चालवायचे, मग २५ वर आले, आता २८-३० सर्रास दिसतात आणि पॅरिस-रूबे या शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर तर ३० च्या वरही जातात. ही माणसं आरामासाठी स्पीड सोडणारी नाहीत, त्यामुळे ही भीती मनातून काढून टाका.

अजून एक, अंगठ्याने दाबून हवा बघू नका. रुंद टायरला पाच-सात पीएसआयनेही फरक पडतो आणि तो अंगठ्याला कळत नाही. गेजवाला पंप घ्या आणि शक्यतो तोच वापरा. दोन पंपांचे गेज एकमेकांशी जुळतीलच असं नाही, पण एकाच पंपावर तुमचा नंबर ठरला की तो रोज तसाच मिळतो.

"बसतोय ना" म्हणून जागा न मोजणं

ही चूक महागात पडते. टायर फ्रेममध्ये गेला, चाक मोकळं फिरलं, की काम झालं असं समजून लोक निघतात. पण स्टँडवरचं चाक आणि चढावर उभं राहून पॅडल मारतानाचं चाक यात फरक आहे. जोर लावला की चाक आणि फ्रेम दोन्ही थोडे लवतात, चाकात जरासा आउट (फिरताना डावी-उजवीकडे डुलणं) असतो, आणि एखादी तार तुटली तर तो आउट एकदम वाढतो. नवा टायर हवा भरून काही दिवस चालवल्यावर थोडा पसरतो ते वेगळंच. म्हणून टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर किमान ४ मिमी मोकळी जागा हवी, आणि फ्रेम बनवणाऱ्याने यापेक्षा जास्त सांगितली असेल तर तेवढी.

मोजायला सोपी युक्ती आहे. ४ मिमीची ॲलन की घ्या, टायरमध्ये पूर्ण हवा भरा आणि ती की टायर आणि फ्रेमच्या मधून सरकवून बघा. चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांच्या) आतल्या बाजूला, सीटट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मागे, फोर्कच्या माथ्याखाली आणि ब्रेकच्या कमानीखाली, सगळीकडे. कुठेही की अडकली तर तो टायर त्या सायकलचा नाही. कार्बन फ्रेम असेल तर इथे अजिबात हयगय नको, कारण टायरला चिकटलेली बारीक खडी चेनस्टेला घासत राहते आणि आधी रंग, मग कार्बन खाते, आणि ते बाहेरून पटकन दिसतही नाही. मडगार्ड लावणार असाल तर त्याची जागा वेगळी धरा.

रिमब्रेकवाल्यांना बहुतेक वेळा फ्रेमच्या आधी ब्रेक अडवतो. नेहमीच्या रोड कॅलिपरचा (ब्रेकच्या चिमट्याचा) रीच, म्हणजे बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर, ३९ ते ४९ मिमी असतो आणि त्यात २५, फार तर २८ जातो. ४७ ते ५७ मिमी रीचवाले कॅलिपर मिळतात आणि त्यात त्याहून रुंद टायर जाऊ शकतो, पण फ्रेमची भोकं त्यांच्यासाठी योग्य उंचीवर असायला हवीत. टायर वर मोकळा फिरतो पण पॅडच्या मधून आत जात नाही असंही होतं. तेव्हा कॅलिपरची छोटी क्विकरिलीज कळ उघडा, तरी नाही गेला तर चाक बसवून मग हवा भरा. आणि ती कळ परत बंद करायला विसरू नका, उघडी राहिली तर ब्रेक अर्धवटच लागतो.

टायरवरचा आकडा म्हणजे खरी रुंदी असं समजणं

"२८" छापलेला टायर २८ च भरेल असं नाही, ते रिमच्या आतल्या रुंदीवर ठरतं. जुन्या रिम आतून १३-१५ मिमी असायच्या, आताच्या १९, २१, २३ पर्यंत गेल्यात. रिम आतून १ मिमी रुंद झाली की टायर ढोबळमानाने ०.४ मिमी पसरतो, म्हणजे १५ च्या रिमवर २८ भरणारा टायर २३ च्या रिमवर ३१ च्या आसपास जातो. मित्राच्या सायकलला २८ बसला म्हणून माझ्याही बसेल, हे त्यामुळे चालत नाही. उलटी बाजूही आहे, फार अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला तर तो वर फुगलेला आणि खाली चिंचोळा राहतो आणि वळणावर डुलतो. १५ च्या रिमवर २८ पर्यंत ठीक, त्यापुढे जायचं तर आधी रिम बदलायचा विचार करा.

हुकलेस रिम, म्हणजे टायर धरून ठेवायला आतल्या कडेला आकडा नसलेली रिम, असेल तर नियम कडक आहेत. तिथे ट्यूबलेस-रेडी (ट्यूबशिवायही चालेल असा बनवलेला) टायरच लागतो, आत ट्यूब टाकली तरीसुद्धा, आणि कमाल मर्यादा ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआय. साधा टायर हुकलेसवर निसटू शकतो आणि तो चालत्या सायकलवर निसटतो. रिम आणि टायर बनवणाऱ्या दोघांच्याही यादीत ती जोडी आहे का ते बघून मगच घ्या.

मागवताना गोंधळ होणारी अजून एक गोष्ट म्हणजे २८ इंच आणि २८ मिमी. रोडबाइकचा टायर ७०० x २८, त्यावर २८-६२२ असं लिहिलेलं असतं (६२२ म्हणजे टायर बसतो तिथला रिमचा व्यास, मिमीमध्ये). जुन्या रोडस्टरचा २८ x १-१/२ हा ६३५ चा आणि २७ इंची ६३० चा असतो. नाव काहीही असो, शेवटचा तीन आकडी नंबर ६२२ आहे का तेवढं बघा.

टिकावा म्हणून सगळ्यात जाड टायर घेणं

आराम आणि टिकाऊपणा दोन्ही हवेत म्हणून लोक रुंद टायर घेतात आणि त्यातलाही सगळ्यात जाड, चिलखती प्रकारचा निवडतात. त्याला काटे-काचा कमी टोचतात हे खरं, पण ताठ साइडवॉल (टायरची बाजू) आणि जाड पट्टा असला की टायर वाकायला तयारच नसतो आणि हवा कितीही कमी केली तरी तो मऊ लागत नाही. ३२ चा ताठ टायर २८ च्या लवचिक टायरपेक्षा कमी आरामदायक असू शकतो. माझं मत विचाराल तर रोजच्या रस्त्याला मधला प्रकार घ्यावा, ज्यात फक्त माथ्याखाली पंक्चर-पट्टा आहे आणि बाजू पातळ आहेत. चिलखत त्यांनी घ्यावं ज्यांना काचा-तारांमधून रोज जावंच लागतं आणि रस्त्यात थांबणं परवडत नाही.

टिकाऊपणात रुंदीचा वाटा आहेच. हवा जास्त मावते म्हणून खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून जी दोन समांतर भोकं पडतात, ज्याला स्नेकबाइट म्हणतात, ती कमी होतात, आणि रिमही वाचते. पण काच रुतून राहायची ती रुंद टायरमध्येही राहते. धुताना टायरवरून नजर फिरवा, रुतलेले कण टोकदार वस्तूने काढा. आज वरवर बसलेला कण रोजच्या वजनाने आत आत जातो आणि महिन्याभराने पंक्चर करतो, तेव्हा आपण टायरला दोष देतो.

नक्षीच्या मागे लागू नका. डांबरी रस्त्यावर गुळगुळीत टायरच छान पकडतो, ओल्यातही. पाण्यावर तरंगायला सायकलचा टायर फार अरुंद आणि स्पीड फार कमी असतो. नक्षी माती-गवतासाठी.

जुनीच ट्यूब टाकणं

१८-२५ ची ट्यूब ३२ च्या टायरमध्ये भरली तर ती ताणून पातळ होते, हवा लवकर सोडते आणि जरा टोचलं की फाटते. खूप मोठी टाकली तर आत घडी पडते आणि त्या घडीवरच भोक पडतं. डब्यावरची रेंज बघून घ्या, खर्च किरकोळ आहे. ट्यूबलेस वापरत असाल तर सीलंट (भोकं आपोआप बुजवणारं आतलं द्रव) दर तीन ते सहा महिन्यांनी बघा, उन्हाळ्यात ते लवकर सुकतं आणि सुकलेलं सीलंट भोक बुजवत नाही.

बसवल्यावर काहीतरी विचित्र वाटतंय

दर फेऱ्याला धप् धप् असा ठोका लागत असेल तर चाक आउट आहे असं लगेच ठरवू नका, आधी टायर बघा. टायरच्या कडेवर रिमच्या जरा वर एक बारीक रेघ असते. चाक हळूहळू फिरवत दोन्ही बाजूंनी ती बघा. कुठे रेघ रिमच्या आत बुडाली असेल तर तिथे बीड (रिममध्ये बसणारी टायरची कडक कड) वर आलेला नाही. हवा काढा, त्या जागी साबणाचं पाणी लावा, दोन्ही हातांनी टायर चोळा आणि मर्यादेच्या आत राहून परत हवा भरा, बहुतेक वेळा टप्पकन जागेवर येतो.

फक्त चढावर किंवा जोर लावल्यावर सर्र सर्र आवाज येत असेल तर टायर फ्रेमला घासतोय. चेनस्टेच्या आत टेप चिकटवून एक फेरी मारा, टेप घासली की कुठे ते कळतं. चाकाचा आउट काढून आणि एक्सल नीट बसवून आवाज गेला तरी परत ॲलन कीची टेस्ट करा, जागाच नसेल तर अरुंद टायरवर जा.

हँडल वळवायला जड, सायकल वळणावर तरंगल्यासारखी वाटली तर पुढची हवा फार उतरवली आहे, पाच पीएसआय वाढवा. एकाच टायरला वारंवार स्नेकबाइट होत असेल तर त्याच चाकात वाढवा, दोन्हीत नाही.

सायकल कॉम्प्युटर अंतर थोडं कमी दाखवतो, कारण चाकाचा घेर वाढला. २५ ला २१०५ मिमी, २८ ला २१३६, ३२ ला २१५५ असे आकडे साधारण टाकतात. नेमकं हवं असेल तर वॉल्व्ह खाली ठेवून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून सरळ रेषेत चाकाचा एक पूर्ण फेरा घ्या, दुसरी खूण करा आणि टेपने मोजा.

आणि मागचा टायर आधी झिजतो, तो झिजला की नवा मागे टाकून पुढे जुनाच ठेवायची पद्धत सोडा. मागचा घसरला तर बऱ्याचदा सावरता येतं, पुढचा फुटला किंवा घसरला की माणूस पडतोच. म्हणून चांगला पुढचा मागे न्या आणि नवा पुढे टाका. माथा सपाट झाला, झीज दाखवणारे खड्डे पुसले गेले, आतले धागे दिसायला लागले किंवा साइडवॉलला चीर पडून ट्यूब बाहेर डोकावायला लागली तर तो टायर कितीही महागाचा असो, बदलायचा. रस्त्यात चीर पडली तर आतून टायरबूट (चीर झाकायचा तयार तुकडा) किंवा मजबूत प्लास्टिकचा तुकडा लावून, हवा कमी ठेवून हळू घरापर्यंत येता येतं, पण तेवढंच.