बर्फाच्या हॉटेलात रात्र काढायला निघताना: ठाणेकरांसाठी तयारीची यादी

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या नणंदेने स्वीडनची तिकिटं काढली आणि त्याच संध्याकाळी फोन केला, "वहिनी, स्वेटर किती घेऊ?" आम्ही दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत युक्कास्यार्वीला, तिथल्या बर्फाच्या हॉटेलात, एक रात्र राहून आलो. निघण्याआधी मीही नौपाड्यात दारोदार हेच विचारत फिरले होते. आता मात्र तिला सांगितलं, की स्वेटर मोजू नकोस, कोरडं कसं राहायचं ते शिक. आपण ठाण्याची माणसं. घाम आपल्या अंगवळणी पडलेला, ओला सदरा अंगावरच वाळवायची सवय. तिकडे नेमकी हीच सवय नडते. तिच्यासाठी लिहून काढलेली यादी इथे देते. या हिवाळ्यात आणखी कुणी निघत असेल तर उपयोगी पडेल.

आधी हे हॉटेल म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळी तयारी त्यावरूनच ठरते. युक्कास्यार्वी हे किरुना शहराजवळचं, टोर्ने नदीच्या काठावरचं छोटंसं गाव आहे. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला सुमारे २०० किलोमीटर. १९८९ च्या हिवाळ्यापासून तिथे हा खटाटोप सुरू आहे. मार्चमध्ये, नदी जाड गोठलेली असताना, सुमारे दोन-दोन टनांच्या लाद्या कापून काढतात आणि उन्हाळाभर शीतगृहात ठेवतात. नोव्हेंबरमध्ये थंडी पडली की पोलादी साच्यांवर बर्फ आणि हिम यांचं मिश्रण फवारतात. ते घट्ट झालं की साचे काढून घेतात आणि कमानी उभ्या राहतात. वाहत्या पाण्यातून गोठलेला असल्यामुळे या लाद्यांचा बर्फ काचेसारखा नितळ दिसतो. खोल्या दरवर्षी नव्याने कोरल्या जातात आणि वसंतात सगळं वितळून नदीला मिळतं. २०१६ पासून एक भाग वर्षभर सुरू असतो. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्या उन्हाच्या विजेवर तो भाग थंड ठेवतात.

खोलीत तापमान उणे ५ ते उणे ८ असतं. बाहेर उणे ३० झालं तरी आत तेवढंच, कारण हिमात अडकलेली हवा थंडी अडवते, गोधडीतला कापूस अडवतो तशी. आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये उणे १८ असतं हे लक्षात आलं, तेव्हा माझ्या आईची भीती गेली. खोली फ्रीझरहून उबदार आहे, हे तिला एका वाक्यात पटलं.

आता आरक्षण. बर्फाच्या खोलीत एकच रात्र घ्या, बाकीच्या रात्री शेजारच्या गरम खोल्यांमध्ये. दोन रात्री गारठ्यात काढायचा हट्ट करू नका. एक रात्र आयुष्यभर पुरते आणि दुसऱ्या दिवशी शरीराला खरी ऊब लागते. हिवाळी हॉटेल साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात किरुनाला सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी थोडा निळसर उजेड, मग पुन्हा अंधार. ज्यांना ते अनुभवायचंय त्यांनी नाताळात जावं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च चांगला. दिवस मोठा मिळतो आणि रात्र स्वच्छ असेल तर उत्तर ध्रुवप्रकाशही दिसू शकतो. त्यात शाळेच्या परीक्षा आड येतात, ते तुमचं तुम्ही बघा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण १५ दिवसांवर विसंबू नका, हिवाळ्याच्या सुट्टीआधी भेटीची वेळ मिळेपर्यंतच आठवडे जातात. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा हवा. बँकेचं स्टेटमेंट, आयकराची कागदपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, हे सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवा. मुंबईहून स्टॉकहोमला वाटेत विमान बदलून पोचायचं आणि तिथून किरुनाला दीड तासाचं विमान. रात्रीची आगगाडीही आहे, वेळ हाताशी असेल तर तिने जा. बर्फाच्या खोलीची रात्र पोचल्या दिवशी ठेवू नका. हिमवादळात विमान रखडलं तर नेमकी तीच रात्र हातची जाते. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा आणि तो किरुनात घालवा. लोखंडाच्या खाणीमुळे जमीन खचतेय म्हणून हे शहरच थोडं थोडं करून सरकवतायत. १९१२ सालचं त्यांचं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये अख्खंच्या अख्खं, दोन दिवसांत, पाच किलोमीटर हलवलं.

आता कपडे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. अंगाला लागून असलेला थर सुती नको, हा पहिला नियम. आपली गंजी, आपली सुती लेगिंग, आपले शाळेचे पांढरे मोजे, सगळं घरी. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं. उणे वीस अंशांत घामाने ओलं झालेलं सूत अंगावर असणं म्हणजे ओला पंचा गुंडाळून उभं राहणं. आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घ्या, वर आणि खाली दोन्ही, प्रत्येकी दोन जोड. मधला थर फ्लीसचा किंवा घरी विणलेल्या लोकरी स्वेटरचा. माझ्या सासूबाईंनी विणलेला स्वेटर तिकडे महागड्या जॅकेटपेक्षा जास्त कामाला आला. बाहेरचा थर वारा अडवणारा. हा बाहेरचा ओव्हरऑल, म्हणजे अंगभर एकसंध पोशाख, आणि जड बूट इथे विकत घेऊ नका. तिथे ते मिळतात, काही आरक्षणांत समाविष्ट असतात, काहींत भाडं पडतं. आधी ईमेल करून विचारून घ्या. ठाण्याच्या कपाटात ओव्हरऑल ठेवायला जागा कुणाकडे आहे!

बूट स्वतःचे नेणार असाल तर नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्या. दोन मोजे चढवून बूट घट्ट बसला की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी तिथेच बधिर होतात. आम्ही बूट घालून पहाटे तलावपाळीला रोज दोन फेऱ्या मारल्या. लोक बघत होते, पण चालणं सुटलं. हातमोजे बोटांचे न घेता चारही बोटं एकत्र राहतील असे घ्या आणि आत एक पातळ जोड ठेवा, म्हणजे फोटो काढताना हात उघडा पडत नाही. घाटकोपरच्या मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या हॉलमध्ये आम्ही तासभर काढला, तो याच सरावासाठी. हातमोजे न काढता चेन लावता येते का, चष्म्यावर वाफ किती धरते, हे तिथेच कळलं. आणि चालताना घाम येतोय असं वाटलं की लगेच एक थर उतरवा, थंडी वाजायची वाट बघू नका. हे सांगायला सोपं आहे, करायला आठवणीने करावं लागतं.

प्रत्यक्ष रात्रीची तयारी वेगळी. दिवसा या खोल्या बघायला येणाऱ्यांसाठी खुल्या असतात, त्यामुळे त्या आपल्या ताब्यात येतात त्या संध्याकाळी. दाराच्या जागी पडदा असतो. सामान आत न्यायचं नाही, गरम इमारतीत कुलपात ठेवायचं. स्वच्छतागृहही बहुतेकांसाठी तिथेच. म्हणून संध्याकाळीच खोलीपासून त्या इमारतीपर्यंत एकदा चालून वाट डोक्यात बसवा आणि सातनंतर चहा नको. पलंग बर्फाचा, त्यावर गादी, गादीवर रेनडिअरची कातडी, आणि आपण त्यांनी दिलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये. कातड्यावर झोपणं ज्यांना चालणार नाही त्यांनी आरक्षण करतानाच विचारावं.

माझी चूक इथे झाली. दिवसभर बर्फात फिरले, पाय कोरडे वाटत होते, म्हणून तेच मोजे घालून आत शिरले. तासाभरात तळपायाला गार चिमटा बसायला लागला. आधी वाटलं, बॅगेची चेन उघडी राहिली असेल. हात खाली नेऊन मोजा दाबला तर बोटांना दमटपणा लागला. दिवसभराचा घाम लोकरीत मुरून बसला होता. शेजारी हे शांत घोरत होते, कारण त्यांनी झोपण्याआधी गरम इमारतीत जाऊन पाय पुसून कोरे मोजे चढवले होते. मी अंधारात धडपडत तिकडे गेले, मोजे बदलले, दहा मिनिटं पाय चोळले, परत आले आणि सकाळपर्यंत गाढ झोपले. तेव्हा एक कोरा जोड फक्त झोपण्यासाठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळा ठेवा. त्याला दिवसा हात लावायचा नाही.

बॅगेत खूप कपडे घालून शिरू नका. आतला थर, मोजे, कानटोपी, बस. जास्त घातलं तर घाम येतो आणि मग तोच थंड होतो. नाक-तोंड बाहेर ठेवा. लहानपणी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची सवय असते, ती इथे मोडा, कारण श्वासाची वाफ आत साठून बॅग दमट करते. सकाळी घालायचे मोजे आणि पातळ हातमोजे बॅगेत पायाशी ठेवा. बूट थेट बर्फावर ठेवू नका. सकाळी लिंगनबेरीचा गरम रस घेऊन माणूस उठवायला येतो. तो पेला दोन्ही हातांत धरून बसले होते ती पाच मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. निळसर भिंत, पेल्यातून वर जाणारी वाफ, आणि आजूबाजूला एवढी शांतता की आपलाच घोट ऐकू येत होता.

औषधांबाबत हयगय नको. दमा, हृदयविकार, रक्तदाब किंवा थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे नीट वाचा: गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, परत वितळवून वापरायचं नाही. ते सामानाच्या बॅगेत न ठेवता हातातल्या बॅगेत, आणि तिथे अंगाजवळ, आतल्या खिशात ठेवायचं. रात्री ते गरम इमारतीत ठेवायची सोय होते का, ते आधी विचारून घ्या. रक्तातली साखर मोजायचं यंत्रही थंडीत दगा देतं, तेही अंगाशीच.

कानातल्या रिंगा, नथ, बाहेर लोंबणारी साखळी, सगळं काढून ठेवा. धातू थंड झाला की त्वचेला डसतो. मंगळसूत्र आतल्या थराच्याही वर, पण स्वेटरच्या खाली. जोडवी ज्यांची घट्ट आहेत त्यांनी निघण्याआधी सैल करून घ्यावीत. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका, ते चोवीस-पंचवीस अंशांखालीच थिजतं. ओठांना आणि गालांना व्हॅसलीन पुरतं.

खाण्याचं म्हणाल तर भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दाण्याचे लाडू खुशाल न्या. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, खवा, पनीर, तुपाची बरणी बाजूला काढा. ताज्या मिरच्या आणि कढीपत्ताही नको. संक्रांतीच्या आसपास निघणार असाल तर तिळगूळ तूप न घालता करा. शाकाहारी असाल तर हॉटेलला महिनाभर आधी कळवा, तिकडे ताटात मासे आणि रेनडिअरच जास्त.

मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत झपाट्याने उतरतात, जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. गरम इमारतीत शिरण्याआधी कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला आणि तासभर उघडू नका. नाहीतर गार काचेवर आणि आतल्या भागांवर पाणी धरतं. इथेही पुन्हा ओलावाच. रोख पैसे फारसे लागत नाहीत, कार्ड सगळीकडे चालतं. आपले दोन गोल पिनांचे चार्जर बहुधा बसतात. बर्फात चाकांची बॅग ओढता येत नाही, त्या रात्रीसाठी पाठीवरची छोटी सॅक हवी. गावात उभ्याने पायाने रेटत न्यायची घसरगाडी मिळते, मुलांना ती फार आवडते.

हा सगळा मुलूख सामी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा आहे आणि रेनडिअर पाळणं ही त्यांची पिढ्यानपिढ्यांची उपजीविका. तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत, असं कुणाला विचारू नका. बँकेत किती पैसे आहेत असं विचारल्यासारखं ते होतं. मुलांनाही हे निघण्याआधी सांगून ठेवा.

एवढा खर्च किंवा एवढी रजा शक्य नसेल तर मनालीजवळच्या सेथनला हिवाळ्यात हिमाची घुमटघरं बांधतात, तिथे रात्र काढता येते. कपड्यांचे नियम तिथेही हेच, फक्त उंचीवरचा श्वास तेवढा जास्त सांभाळावा लागतो.

परत आल्यावर लोकरीचे कपडे लगेच कपाटात कोंबू नका. दोन दिवस गॅलरीतल्या उन्हात पूर्ण वाळवा, मग वेखंडाची पुरचुंडी घालून हवाबंद पिशवीत ठेवा. आपल्याकडचा पावसाळा एक महिना जरी लागला तरी लोकरीला बुरशी धरते. आमचे दोन जोड बूट आणि मुलीचे हातमोजे सध्या ऐरोलीला नणंदेकडे आहेत. ती फेब्रुवारीत परतली की ते मोकळे होतील.