स्विचबोर्डच्या वायरिंगमधील या चुका टाळा

घरातील बटणे आणि सॉकेट यांच्या जोडणीत बहुतेक चुका अशा असतात की, त्या होऊनही दिवा लागतो आणि पंखा फिरतो. त्यामुळे काम बरोबर झाले असे समजून बोर्डावर झाकण बसवले जाते व दोष पुढे केव्हातरी उघड होतो.

बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या) वायरवर बसवणे ही त्यांतली सर्वांत सामान्य चूक. अशा वेळी बटण बंद केले तरी होल्डरपर्यंत फेज पोहोचलेलाच असतो आणि दिवा बदलताना हात लागल्यास झटका बसतो. एलईडी दिवा बंद केल्यावरही मंद तेवत किंवा लुकलुकत असेल, तर प्रथम हीच शंका घ्यावी. मात्र बटणातच छोटा इंडिकेटर दिवा असेल, तर त्यातून जाणाऱ्या अल्प प्रवाहामुळेही असे होऊ शकते.

यापेक्षा गंभीर प्रकार अर्थिंगचा, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणाऱ्या वायरचा आहे. जुन्या घरांत अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलेली नसते, तेव्हा सॉकेटची वरची मोठी पिन आणि न्यूट्रल यांना आतल्या आत छोट्या तुकड्याने जोडून वेळ मारून नेली जाते. पुढे न्यूट्रल कुठेतरी तुटली, की चालू असलेल्या उपकरणामार्फत 230 व्होल्टचा दाब वॉशिंग मशीन किंवा फ्रिजच्या धातूच्या अंगावर येतो. एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास आपोआप बंद होणारा स्विच) अशा वेळी पडत नाही, कारण ती अतिभार आणि शॉर्टसर्किट ओळखते. माणसाच्या अंगातून जाणारी गळती ओळखण्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लागते, आणि तीही अर्थिंगला पर्याय नव्हे. सॉकेटकडे समोरून पाहताना वर अर्थिंग, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल, हाच क्रम ठेवावा.

दोन हजार वॅटचा गिझर सुमारे 9 अँपिअर प्रवाह घेतो, तरीही तो कन्व्हर्टर प्लग (मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवणारा जोड) लावून 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवणारी घरे कमी नाहीत. त्यासाठी 16 अँपिअरचे सॉकेट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर हवी. एमसीबी वारंवार पडते म्हणून जास्त अँपिअरची बसवणे म्हणजे वायर तापू देण्याची सोय करणे होय.

सॉकेट तपकिरी पडले किंवा जळका वास आला, तर स्क्रू ढिला असण्याची शक्यता मोठी; परंतु एकदा भाजलेले सॉकेट नुसता स्क्रू आवळून वापरू नये, ते बदलावे आणि वायरचा काळवंडलेला भाग कापून टाकावा.

सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटला, की ‘दोन्हीकडे फेज आला’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुधा न्यूट्रल तुटलेली असते आणि चालू उपकरणातून फेज परत फिरून दिसत असतो. अशा वेळी त्या सर्किटवरील सर्व उपकरणे बंद करून, पुरवठा तोडल्यानंतर, अगोदरच्या बोर्डातील न्यूट्रलचे लूपिंग (एका बोर्डातून पुढच्या बोर्डाला दिलेली जोडणी) तपासावे.

पुरवठा तोडताना इन्व्हर्टर विसरू नये. मेन स्विच बंद केल्यावर तो लगेच बॅटरीवरून त्याच बोर्डाला वीज देऊ लागतो, म्हणून इन्व्हर्टरही बंद करून, टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखून, मगच बोर्ड तपासावा. नवी जोडणी किंवा फेरबदल मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावेत आणि झाकण बसवण्यापूर्वी फेज ते अर्थिंग दाब मीटरवर मोजून दाखवण्यास सांगावे.