लग्नातले सहज क्षण टिपायचेत? मग या चुका टाळा

नागपुरात लग्न ठरलं की फोटोग्राफरकडे पहिली मागणी येते, 'भाऊ, कँडिड पाहिजे.' आणि अल्बममध्ये येतं काय, तर नवरीनं खाली बघून हसणं, बांगड्या सारख्या करणं, खिडकीतून बाहेर बघणं. सगळं तिला सांगून करून घेतलेलं. डॉक्युमेंटरी पद्धतीचं काम याच्या उलट आहे. तिथं काही घडवून आणायचं नसतं. पुढे काय होणार हे ओळखून आधीच नीट जागी उभं राहायचं असतं. बहुतेक चुका या उभं राहण्यातल्याच असतात.

विधींचा क्रम पाठ नसणं, ही सगळ्यात मोठी चूक. मंगलाष्टकांचंच घ्या. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'सावधान' येतं आणि अक्षता उडतात, म्हणजे हा क्षण अनेकदा मिळतो. पहिल्या दोन कडव्यांत जागा आणि शटर तपासून घ्या. तांदळाचे दाणे हवेत थांबलेले हवे असतील तर शटरचा वेग १/५०० सेकंद लागतो. १/१२५ला त्यांच्या रेघा उमटतात, त्याही कधी सुंदर दिसतात. गुरुजींनी 'तदेव लग्नं' सुरू केलं की अंतरपाट दूर होणार. तेव्हा नवरदेवासमोर उभे असाल तर नवरीचा चेहरा गेलाच. अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला उभे राहा. कापडाची फक्त कड दिसते, दोन्हीकडे दोन चेहरे येतात, आणि पाट सरताना दोघांची पहिली नजर एकाच फ्रेममध्ये सापडते. ही जागा पाच मिनिटं आधी धरावी लागते, कारण नंतर तिथं मोबाइल घेतलेले पाहुणे असतात. नवरीमागे मामा उभा असतो. त्याचे हात, त्याचा चेहरा मागच्या बाजूला येतोय का तेही बघा. भाचीचं लग्न त्याच्या चेहऱ्यावर जेवढं दिसतं, तेवढं स्टेजवर दुसरीकडे क्वचितच दिसतं.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात हा क्रम वेगळा असतो, आणि नागपुरात अशी लग्नं भरपूर होतात. अंतरपाट नाही. त्रिशरण-पंचशील, जयमंगल अष्टगाथा, पुष्पहार, पाकळ्यांचा वर्षाव. फोटोग्राफर इथे हमखास फसतो तो पांढऱ्या कपड्यांवर. कॅमेऱ्याचं मीटर सगळं करड्याकडे ओढतं, म्हणून पांढरी साडी मळकी आणि चेहरे काळवंडलेले येतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) पाऊण ते एक स्टॉप वाढवा आणि जास्त उजेडानं साडीची वीण उडत नाही ना, ते हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) बघा. आणि त्रिशरण चालू असताना समोरून फिरू नका. सगळे हात जोडून शांत असतात. त्या वेळी शटरचा आवाजही खुपतो, म्हणून सायलेंट मोड.

फक्त इथेच एक अडचण आहे. सायलेंट मोडमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर चालतं आणि एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे बहुधा जातात. त्याहून वेगवान शटर हवं असेल तर मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकण्याशी शटरची वेळ जुळवणारी सोय) वापरा. स्टेजमागची एलईडी वॉल मात्र यालाही दाद देईलच असं नाही. पाहुणे यायच्या आधी तिच्यासमोर चार फ्रेम काढून बघा.

दिवसाच्या लग्नात त्रास वेगळा. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर दुपारच्या उन्हात तोच रंग सगळ्यांच्या चेहऱ्यावर उतरतो. फ्लॅश छतावर उडवला तरी तोच रंग परत येतो. रॉमध्येच (रंग नंतर सुधारता येतील अशा मूळ फाइलमध्ये) काढा, आणि शक्य तेव्हा माणसं मांडवाच्या कडेला, मोकळ्या उजेडात येतील तेव्हा टिपा. मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो. कॅमेरा गाडीत ठेवू नका, जास्तीच्या बॅटऱ्या सावलीत ठेवा.

लांबून ७०-२०० मिमीच्या झूम लेन्सनं चोरून काढलं की कँडिड होतं, हा समज सोडा. चेहरा मिळतो, पण तो कुणाकडे बघून हसतोय ते कळत नाही. ३५ मिमीची, जवळून आजूबाजूचंही टिपणारी लेन्स लावून पंगतीत, हळदीत, जानोशावर माणसांमध्ये बसा. हळदीच्या दिवशी दोन तास घरात वावरलात तर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे कुणी बघतही नाही. पाठवणीला मात्र लांबची लेन्सच घ्या. मुलगी आईच्या गळ्यात पडली असताना हातभर अंतरावर कॅमेरा नेणं बरं नव्हे. गाडी निघाल्यावर तिच्यामागे धावू नका. मांडवात थांबा, मुलीकडचे तेव्हाच खरे मोकळे होतात.

'हार परत एकदा घाला' असं म्हणू नका. निसटला तर निसटला. दुसऱ्यांदा घातलेल्या हारात दोघंही कॅमेऱ्याकडे बघत असतात. व्हिडिओवाल्यांशी आदल्या दिवशीच बोलून घ्या, नाहीतर गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) आणि लाइटवाला नेमके अंतरपाटासमोर येतात.

घरच्यांना ग्रुप फोटो हवेच असतात आणि त्यांचं बरोबर आहे. ते टाळलेत तर आजी-आत्या दिवसभर तुम्हाला हाका मारत राहतील. अर्धा तास ठरवा, नातेवाइकांची यादी घ्या, आणि सगळ्यांना नावानं ओळखणारा एखादा चुलतभाऊ सोबत ठेवा.

शेवटची चूक घरी आल्यावर होते, निवड करताना. फोकस किंचित हललेला म्हणून आजीनं नातीच्या गालावरून बोटं मोडल्याचा फोटो डिलीट होतो, आणि स्टेजवरचे एकसारखे ४० राहतात. उलट करा. ४० मधला एक ठेवा, आणि आजीचा फोटो अल्बममध्ये मोठा छापा.