घोडीला जुळं दिसलं तर: चौदाव्या दिवसाचं काम

शेळीला दोन करडं झाली की घरात आनंदीआनंद. त्याच सवयीने घोडीच्या सोनोग्राफीत दोन काळे गोल दिसले की मालक खुलतो. ‘डॉक्टर, दोन्ही राहू द्या, सांभाळू आम्ही,’ हे मला तबेल्यातबेल्यात ऐकावं लागतं. पण सांभाळायचं असतं घोडीच्या गर्भाशयाला, आणि त्याला ते झेपत नाही.

शेळीची वार ठरावीक गाठींवर चिकटते. घोडीची वार गर्भाशयाच्या आतल्या जवळजवळ सगळ्या भिंतीला चिकटते, आणि एकाच शिंगराला नीट वाढायला तेवढी सगळी जागा लागते. दोघं आली की जागेची वाटणी होते. ज्याच्या वाट्याला कमी येते ते पोटातच मरतं आणि बहुतेक वेळा दुसऱ्यालाही घेऊन जातं. हे सहसा सात-आठ-नऊ महिन्यांच्या आसपास होतं, म्हणजे तुमचा खुराक, चारा आणि हंगाम सगळं वाया. दोन्ही जिवंत झाली तरी बारकी, अशक्त निघतात आणि फार कमी जगतात. म्हणून जुळ्यातलं एक काढायचं, आणि लवकर काढायचं.

कामाची सुरुवात नर देण्याआधीच होते. घोडी माजावर असताना सोनोग्राफी करून घ्या. त्यात दोन गोष्टी कळतात. पहिली, बीजांडकोशावर मोठे फोड, म्हणजे ज्यांतून बीज सुटतं ते, किती आहेत. ३५ मिलिमीटरच्या पुढचे दोन दिसले तर दोन्ही फुटू शकतात. घोडीची जुळी जवळपास नेहमी दोन वेगळ्या बीजांचीच असतात. थरोब्रेड घोड्यांत हे जास्त दिसतं, पण आपल्या मारवाडी-काठियावाडी घोड्या त्यातून सुटलेल्या नाहीत. दोन फोड आहेत म्हणून नर द्यायचं टाळू नका. पूर्वी तसं टाळत असत. आता गरज नाही. दुसरी गोष्ट, गर्भाशयात पाण्याच्या गाठी आहेत का. वय झालेल्या घोडीत त्या असतात आणि पुढे पडद्यावर हुबेहूब गर्भासारख्या दिसतात. त्यांची जागा आणि माप आधीच कागदावर काढून ठेवायला सांगा.

आता तारखा. समजा १ एप्रिलला बीज सुटलं. तर १५ एप्रिलला पहिली तपासणी, १७ ला दुसरी आणि २९ च्या सुमारास तिसरी. बीज कधी सुटलं ते माहीत नसेल तर शेवटचा नर दिला तो दिवस धरून मोजा. १७ ची फेरी का, तर दुसरं बीज दिवस-दोन दिवसांनी सुटलेलं असू शकतं आणि त्याचा गर्भ १५ ला दिसण्याइतका मोठा नसतो. ‘एकच आहे, झालं’ म्हणून घरी गेलेल्या मालकाला पुढे धक्का बसतो तो इथेच.

बीज सुटल्यापासून चौदावा दिवसच का? तोवर गर्भ एका जागी चिकटलेला नसतो, गर्भाशयात फिरत असतो. साधारण सोळाव्या दिवशी तो शिंगाच्या, म्हणजे गर्भाशयाच्या दोन फाट्यांपैकी एकाच्या, बुडाशी अडकतो. फिरता असताना दोघांना वेगळं करणं सोपं. घोडी खोड्यात घेतात, आधी दुखणं-दाह कमी करणारं फ्लुनिक्सिनचं इंजेक्शन देतात, गरज पडली तर गुंगीचंही. मग गुदाशयातून सोनोग्राफी यंत्राची दांडी आत घालून, दोनपैकी लहान गोल अलगद शिंगाच्या टोकाकडे सरकवायचा. १५ मिलिमीटरच्या आसपासचा तो फुगा बोटांत धरून दाबला की हाताला बारीकसा ‘फट्’ जाणवतो आणि पडद्यावरचा गोल पसरून नाहीसा होतो. दुसऱ्याला धक्का लागत नाही. सरावलेल्या हाताने, योग्य दिवशी केलं तर दहातल्या नऊ घोड्यांत राहिलेला गर्भ टिकतो.

हे काम पशुवैद्याचंच. घोडीचं गुदाशय गायीपेक्षा नाजूक असतं, फाटलं तर घोडी जाते. ‘गायीत हात घालतो, घोडीतही घालीन’ म्हणणाऱ्याला फाटकाबाहेर ठेवा. मोतद्दाराने फक्त तोंडाशी उभं राहायचं.

सतरा दिवस उलटले आणि दोन्ही गर्भ एकाच शिंगात शेजारी चिकटले असतील तर घाई नको. अशा जोडीतला एक बऱ्याचदा आपोआप विरतो, विशेषतः आकारात फरक असेल तर. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघत राहायचं. दोन शिंगांत एकेक असेल तर मात्र आपोआप काही होत नाही. एक दाबूनच काढावा लागतो.

शेवटची मुदत पस्तिसाव्या दिवसाची. आपल्या हिशोबात ६ मे. तोवर दोन्ही जिवंत असतील तर प्रोस्टाग्लँडिन देऊन गर्भ पाडायचा आणि घोडी पुन्हा माजावर आणायची. इंजेक्शननंतर घोडीला घाम येतो, थोडं पोट दुखतं, तासाभरात निवळतं. हे औषध कातडीतून भिनतं. घरातल्या गरोदर बाईने किंवा दमेकऱ्याने ती बाटली हातातही घेऊ नये. पस्तीस दिवसांनंतर गर्भाशयात खास पेशींचे कप तयार होऊन संप्रेरक सोडू लागतात. मग गर्भ गेला तरी घोडी महिनोन्‌महिने नीट माजावर येत नाही, हंगाम बुडतो. त्यापुढे सुईने एक गर्भ संपवण्याचे उपाय आहेत, पण ते मोठ्या अश्व-रुग्णालयात, आणि यश बरंच कमी.

उशिरा कळलं तर लक्ष कासेवर ठेवा. सातव्या-आठव्या महिन्यात कास भरली, सडातून दूध गळू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. दूध पिळून बघू नका. घोडी गाभडली तर हातमोजे घालून मेलेली शिंगरं आणि वार झाकून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. वार तीन तासांत पडली नाही तर गाय-म्हशीसारखी वाट बघायची नाही. गर्भाशय सडतं, त्याचा ताप खुरात उतरतो आणि घोडी लंगडी होते.

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला ‘गाभण आहे’ म्हणून विकायला येणाऱ्या घोड्या बहुतेक उन्हाळ्यात भरवलेल्या असतात. त्या वेळी आतून बघून जुळं नाही असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. विकणाऱ्याकडे पहिल्या महिन्याच्या तपासणीचा कागद मागा. नसेल तर रिकाम्या घोडीचाच भाव लावा.